महानगरपालिका हद्दीतील मौजे

नगरच्या सावेडी उपनगरात राहणाऱ्या कोणाच्याही कपाटातून घराचे खरेदीखत काढावे. लोक ते आयुष्यात एकदाच वाचतात, सही करताना, आणि तेही किमतीच्या आकड्यापुरते. बाकीचा मजकूर दस्तलेखकाने जुन्या मसुद्यावरून उतरवलेला असतो आणि त्या मसुद्याच्या मागे आणखी जुना मसुदा असतो. तुकडी जिल्हा अहमदनगर, पोटतुकडी तालुका नगर, पैकी महानगरपालिका हद्दीतील मौजे सावेडी येथील सर्व्हे नंबर अमुक, प्लॉट नंबर तमुक. मग चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचा प्लॉट. शेवटी जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह मिळकत लिहून दिल्याची ग्वाही. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेणाऱ्यालाही तृण आणि पाषाण मिळतात, एवढे आपले दस्तलेखन उदार आहे.

या मजकुरातले तीन शब्द मला अनेक दिवस अडखळवत होते. ‘महानगरपालिका हद्दीतील मौजे’. कसबा म्हणजे बाजारपेठ असलेले मोठे गाव, आणि मौजे म्हणजे साधे खेडे. मग महानगराच्या पोटात खेडे कसे असेल? आणि ते खरोखर असेल, तर शहरात विलीन झाले म्हणतात ते काय?

सावेडी एकटे नाही. नगर शहराच्या दस्तांत मौजे नालेगाव आहे, मौजे माळीवाडा आहे, मौजे चाहुराणा बुद्रुक आणि मौजे चाहुराणा खुर्द आहेत, मौजे केडगाव, नागापूर, बोल्हेगाव आहेत. केडगाव-नागापूर सगळ्यांना ठाऊक. नालेगाव, माळीवाडा हेही पत्ते म्हणून चालतात. पण चाहुराणा? तिथे चाळीस वर्षे घर करून राहिलेल्या माणसाला ‘चाहुराणा कुठे आहे हो?’ असे विचारले, तर तो रिक्षावाल्याकडे बोट दाखवील. बुद्रुक आणि खुर्द ही फार्सी ‘बुजुर्ग’ आणि ‘खुर्द’ची, म्हणजे थोरल्या-धाकट्याची जोडी. अशी जोडी जिथे आहे, तिथे एका गावाची दोन गावे होण्याइतका जुना, नांदता संसार कधीतरी होता, एवढे नक्की. चाहूर हे १२० बिघ्यांचे जुने जमीनमाप होते आणि गावाचे नाव ऐकून ते आठवते. पण नावावरून इतिहास रचणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे, म्हणून तिथेच थांबतो.

शहराच्या पोटात गेलेल्या या गावांचा इतिहास कोणी वेगळा लिहिलेला नाही. तो शहराच्या कागदांतून, म्हणजे गिळणाऱ्याच्या वहीतून, उलटा वाचून काढावा लागतो.

पहिला कागद अर्थातच बखरकारांचा. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी आपल्या नावाचे शहर वसवायला घेतले, ही कथा फिरिश्त्यापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे आहे. ‘वसवले’ या क्रियापदात एक मोकळे माळरान गृहीत धरलेले असते. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी संदर्भग्रंथांनी याच घटनेबद्दल लिहिताना एक वेगळी नोंद करून ठेवली आहे, की अहमदनगर हे भिंगार नावाच्या त्याहून जुन्या नगराच्या जागी वसले. हे वाक्य पुढे एकाने दुसऱ्यावरून उतरवत सर्वत्र गेले. ते जसेच्या तसे खरे नाही. भिंगारची जागा भिंगारनेच राखली आहे. ते आजही किल्ल्याच्या पूर्वेला, शहरापासून दोन-तीन किलोमीटरवर उभे आहे. ‘जागी’ऐवजी ‘शेजारी’ म्हटले असते तर बरोबर झाले असते. पण चुकीच्या वाक्यातूनही एक खरी गोष्ट हाती येते: नगर जन्मले तेव्हा भिंगार होते, आणि थोरले होते. बुद्रुक-खुर्दाच्या भाषेत बोलायचे, तर नगर हे भिंगारचे खुर्द.

शहराने आजूबाजूच्या गावांकडून पहिल्यांदा घेतले ते पाणी. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा वरच्या अंगाच्या गावांतून जमिनीखालून खापरी नळ काढून शहरात, महालांत आणि बागांत पाणी खेळवले गेले. पाणी गावाचे, हौद शहराचे. आजच्या हद्दवाढीच्या वादात पाण्याचा प्रश्न येतो तेव्हा दिशा उलटलेली असते. आता मुळा धरणाचे पाणी महापालिकेकडे आहे आणि कडेच्या वस्त्या नळजोड मागतात.

नालेगाव आणि माळीवाडा तर शहराने अगदी सुरुवातीलाच पोटाशी धरले असावेत, कारण तटाच्या वेशींना त्यांची नावे पडली. वेस ही मुळात गावाची वस्तू. शहराच्या तटाला दरवाजा असतो. नगरात दिल्ली दरवाजा आहेच, पण माळीवाड्याला मात्र वेस आहे. त्याच माळीवाड्यातला विशाल गणपती हा अख्ख्या शहराचा मानाचा देव, आणि त्याला सगळे काय म्हणतात? ग्रामदैवत. साडेतीन लाख वस्तीच्या महानगराला ग्रामदैवत असते, यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. गणेशोत्सवातल्या विसर्जनाच्या मिरवणुकीत तो पुढे असतो आणि त्याच्या मागून महानगर चालते.

भिंगारच्या वाट्याला मात्र असा मान आला नाही. १७०६ च्या आरंभी औरंगजेब दक्षिणेतल्या लांबलेल्या मोहिमेतून थकून अहमदनगरला परतला, आणि ३ मार्च १७०७ रोजी वारला. त्याचे शरीर खुलताबादला नेले. तो ज्या छावणीत वारला ती भिंगारच्या शिवारात होती. तिथल्या जागेला आजही आलमगीर म्हणतात. पण जगातल्या कुठल्याही ग्रंथाची सूची उघडा, मृत्यूचे ठिकाण ‘अहमदनगर’ असे दिसेल. मरण भिंगारच्या मातीत आणि नोंद नगरच्या खात्यात. गाव शहरात विलीन होण्याची सरकारी अधिसूचना निघण्याच्या कितीतरी आधी त्याचे प्रसंग शहराच्या नावावर जमा होऊ लागतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही.

पुढची शंभर वर्षे किल्ल्याच्या मालकीची आहेत. १७५९ मध्ये तो पेशव्यांकडे आला, १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे गेला, आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने आधी ८ तारखेला पेठ आणि मग १२ तारखेला किल्ला घेतला. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात पेठ आणि किल्ला अशा दोनच जागा आहेत. लष्करी डोळ्याला तिसरे काही दिसत नाही. १८१७ च्या पुणे तहाने नगर कायमचे कंपनीकडे आले, पॉटिंजर पहिला कलेक्टर झाला, आणि किल्ल्याच्या पूर्वेला लष्कराचा कॅम्प वाढला. म्हणजे भिंगारच्याच अंगावर.

‘मौजे’ हा शब्द आजपर्यंत टिकला तो यानंतरच्या एका कागदामुळे. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची जी मोजणी सुरू केली, ती पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली आणि नगर जिल्ह्यातही आली. शेताला क्रमांक, क्रमांकाला हद्दीचे दगड, जमिनीच्या प्रतीवरून आकार, आणि हे सगळे गावाच्या नकाशावर. तोपर्यंत शेताची ओळख होती ती कसणाऱ्याच्या नावाने, विहिरीने, आंब्याच्या झाडाने. आता ती झाली सर्व्हे नंबराने. पण सर्व्हे नंबर एकटा कधीच पुरा नसतो. सर्व्हे नंबर ४० सावेडीतही आहे, केडगावातही आहे. त्याला गावाचे नाव लावल्याशिवाय अर्थ नाही. विंगेटसाहेबाने ही व्यवस्था सारावसुलीसाठी केली. गावाचे नाव पुढच्या दोनशे वर्षांसाठी प्रत्येक इंच जमिनीला त्याने खिळ्याने ठोकून ठेवले, हे त्याच्या ध्यानीमनीही नसावे. शेताचा प्लॉट झाला, प्लॉटवर अपार्टमेंट आले, तरी क्रमांक तोच राहिला, आणि क्रमांकाबरोबर मौजेही.

यानंतर नगरपालिका आली. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने, गावकऱ्यांनी मागणी केली तर शहरसुधारणेसाठी म्युनिसिपालटी स्थापता येत असे. नगरची म्युनिसिपालटी १८५४ ची. जिल्ह्यातल्या जुन्या म्युनिसिपालट्यांच्या यादीत भिंगारचेही नाव आहे. ही गोष्ट आज बहुतेक नगरकरांना सांगावी लागते. एवढ्याशा टापूत तेव्हा तीन कारभार नांदत होते: नगरची म्युनिसिपालटी, लष्कराचा कॅम्प आणि भिंगारची म्युनिसिपालटी. तिघांचे जकातनाके वेगळे, झाडूवाले वेगळे, दिवाबत्ती वेगळी.

आता हद्दवाढीच्या फायलीकडे येतो.

महाराष्ट्र नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. नगरपालिकेच्या हद्दीत नवा भाग घ्यायचा असेल, तर शासनाने आधी आपला इरादा जाहीर करायचा. उद्घोषणा राजपत्रात छापायची, त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात द्यायची, तिच्या प्रती कलेक्टर कचेरीत आणि त्या भागातल्या ठळक जागी चिकटवायच्या. हरकती घ्यायला निदान तीस दिवस. हरकती कलेक्टरकडे, कलेक्टर त्या आपल्या अभिप्रायासह शासनाकडे पाठवणार. मग अंतिम अधिसूचना. महापालिकेसाठी १९४९ चा कायदा, तिथेही रीत साधारण अशीच.

अशा अधिसूचनेचा मजकूर वाचायला फार कोरडा असतो, आणि म्हणूनच बारकाईने वाचावा. तिच्यात गाव असे येतच नाही. येतात त्या सीमा: उत्तरेस अमुक गावची शीव, तिथून पूर्वेकडे ओढ्याच्या मध्यभागाने, तिथून सर्व्हे नंबर अमुकच्या दक्षिण बांधाने. जणू मोजणीदार रेघ मारत चालला आहे आणि वाटेत कोणाचे घर, कोणाची चावडी लागते याकडे बघायचे नाही असे त्याला बजावले आहे. दुसरी गोष्ट शब्दाची. या साऱ्या प्रकाराला कागदोपत्री ‘हद्दवाढ’ म्हणतात. हद्द वाढली कोणाची? शहराची. गावाच्या बाजूने त्याच घटनेला नाव नाही. पुणे महापालिकेने ‘समाविष्ट गावे’ हा शब्द रूढ केला, पण तोही समाविष्ट करणाऱ्याचाच. ‘विलीनीकरण’ आपण संस्थानांसाठी वापरले. औंध-फलटण विलीन झाली, तेव्हा निदान राजाची सही लागली. केडगाव हद्दवाढीत ‘आले’, एवढेच म्हणतात. आले म्हणजे? ते होते तिथेच होते.

अहमदनगर महानगरपालिका ३० जून २००३ रोजी अस्तित्वात आली. त्याआधी दहा वर्षे, १ जून १९९३ पासून, चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झालेली होती. तिने नागरी वस्तीच्या तीन प्रती ठरवल्या: संक्रमणात असलेले क्षेत्र, लहान नागरी क्षेत्र आणि मोठे नागरी क्षेत्र. मोठ्याला महापालिका. महाराष्ट्राने त्या मोठेपणाचा उंबरठा तीन लाख लोकसंख्येचा ठेवला. नगर त्या उंबरठ्याच्या आसपास होते. २०११ च्या जनगणनेतही महापालिका हद्दीतली वस्ती साडेतीन लाखच भरली. अशा काठावरच्या शहराला शेजारच्या गावांची माणसे मोलाची वाटतात, हे समजायला राजकारण यावे लागत नाही. बेरीज येत असली म्हणजे झाले. सावेडी नगरपालिकेच्या काळातच शहराचे उपनगर झाले होते. पुणे रस्त्यावरचे केडगाव आणि औद्योगिक वसाहतीच्या अंगाचे नागापूर-बोल्हेगाव हेही महापालिकेच्या हद्दीत आहेत.

ज्या दिवशी गावाचा सगळा भाग नागरी हद्दीत जातो, त्या दिवशी ग्रामपंचायत संपते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने जन्मलेली ती संस्था आपली मालमत्ता आणि आपले देणे नव्या संस्थेच्या हवाली करते. इथे मला फायलीपेक्षा कपाटात रस आहे. ग्रामपंचायतीच्या कपाटात असते काय? सभेचे इतिवृत्त. जन्म-मृत्यूची नोंदवही. आणि नमुना नंबर आठ, म्हणजे घरांच्या आकारणीची यादी. महसूल खात्याचा आठ-अ म्हणजे खातेवही, तो वेगळा. गावातले निम्मे वाद या दोन आठांच्या घोळातून झालेले असतात. नमुना आठमध्ये घर कसे आहे ते लिहिलेले असते: माती-विटांचे, पत्र्याचे, माळवदाचे, आरसीसीचे. कोणाचा पडवीतला गोठा आकारणीत धरला, कोणाचा सोडला. कुठले घर बापाच्या नावावरून तीन भावांच्या नावावर झाले आणि त्या तिघांत एका बहिणीचे नाव कसे आले नाही. एखाद्या गावाची समाजरचना पाहायची असेल, तर कादंबरी लिहिणाऱ्यानेही आधी नमुना आठ मागावा.

विलीनीकरणानंतर महापालिका आपली आकारणी करते. नव्याने घेतलेल्या भागाला कर एकदम लावत नाहीत, टप्प्याटप्प्याने वाढवतात. पण यादी बदलते ती एकदमच. घराला मालमत्ता क्रमांक मिळतो. घर ‘माळवदाचे’ राहत नाही, ते अमुक चौरस फूट निवासी होते. जुने नमुना आठ कुठेतरी गाठोड्यात जाते. मी अशी गाठोडी दुसऱ्या जिल्ह्यांत पाहिली आहेत. लाल कापडाची, वर खडूने गावाचे नाव. कापडाची गाठ नेहमी कोणीतरी घाईत मारलेली असते.

माणसांच्या बाजूने पाहिले, तर सात ते सतरा सदस्यांचे मंडळ आणि सरपंच जातो. ग्रामसेवक जातो. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे मत जाते. ग्रामीण भागापुरत्या योजना बंद होतात. रोजगार हमीचा रोज त्या रेषेपलीकडे नाही. बदल्यात येतात गटारी, दिवे, शहराचे नळ, आणि घराला कर्ज देताना बँकेचा जरा सैल हात. पुष्कळ गावकऱ्यांनी हद्दवाढ मागून घेतली आहे, हेही नोंदवायला हवे. गुंठ्याचा भाव हा कुठल्याही ठरावापेक्षा मोठ्या आवाजात बोलतो. ग्रामपंचायत म्हणजे गोकुळ होते आणि महापालिकेने ते मोडले, असे चित्र रंगवणाऱ्याने एखाद्या ग्रामपंचायतीचे दहा वर्षांचे इतिवृत्त वाचावे.

तरीही एक गोष्ट खरोखर जाते आणि तिच्या जागी काही येत नाही: ग्रामसभा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटर, चौदा तालुके. ग्रामसभेचे नाव देशभर ज्या गावांनी नेले ती राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार याच जिल्ह्यातली. त्यातले हिवरे बाजार तर नगर तालुक्यातलेच. तिथे पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, मग यंदा कुठले पीक घ्यायचे, याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडतात. सावेडी, केडगाव ही त्याच तालुक्यातली भावंडे. एका भावाने ग्रामसभा जगाला दाखवली, दुसऱ्याच्या घरातून ती नगरविकास खात्याच्या एका अधिसूचनेने गेली. २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला झेंडावंदन सगळीकडे होते. पण झेंडावंदनानंतर सतरंजीवर बसून सरपंचाला ‘रस्त्याचे पैसे कुठे गेले’ असे विचारण्याची जागा शहरात नाही. शहरात नगरसेवक असतो. २०१८ च्या निवडणुकीत नगरचे १७ प्रभाग होते आणि ६८ नगरसेवक, म्हणजे एका प्रभागाला चार. प्रभाग आखतात तो लोकसंख्येच्या हिशेबाने, रस्ते आणि ओढे धरून. जुन्या शिवाराची शीव त्यात मोजत नाहीत. गावाला नाव होते, प्रभागाला क्रमांक असतो आणि पुढच्या निवडणुकीला तोही बदलतो.

हा प्रश्न नगरचा एकट्याचा नाही. पिंपरी-वाघेरे, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार ग्रामपंचायतींची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली. दोन गावांना निदान जोडनावात जागा मिळाली, आकुर्डी-भोसरीला तीही नाही. पुण्याने २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे घेतली. त्या अकरांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे, ज्यांच्या शिवारात पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे पडत होता, ती पुन्हा बाहेर पडली आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद जाहीर झाली. गेलेले गाव परत येऊ शकते. पण परत येते ते ग्रामपंचायत होऊन नव्हे.

फ्रान्समध्ये हाच खेळ वेगळ्या नियमांनी चालतो. तिथे राज्यक्रांतीच्या पहिल्याच वर्षी, डिसेंबर १७८९ च्या कायद्याने प्रत्येक गावाला ‘कम्यून’ केले, आणि त्या छत्तीस-सदतीस हजार कम्यून दोनशे वर्षे जवळजवळ तशाच राहिल्या. शंभर वस्तीच्या गावालाही स्वतःचा महापौर. १९७१ मध्ये सरकारने त्या एकत्र करायला कायदा केला, तो फारसा चालला नाही. २०१० च्या कायद्याने मात्र बऱ्याच कम्यून एकमेकींत मिळाल्या, कारण त्यात एक सोय होती: मोठ्या कम्यूनमध्ये गेलेले गाव ‘प्रत्यायोजित कम्यून’ म्हणून उरू शकते. त्याचे नाव राहते, कचेरीची एक शाखा राहते आणि एक उपमहापौरासारखा माणूस राहतो, जो लग्ने लावतो आणि जन्म-मृत्यू नोंदवतो. म्हणजे सत्ता गेली तरी वही गावातच. आपल्याकडे वही गाठोड्यात गेली आणि नाव मात्र महसूल खात्याने राखले. दोन्ही देशांनी गावाचे काहीतरी ठेवले. काय ठेवायचे, याची निवड वेगळी. फ्रेंचांनी माणसांची नोंद ठेवली, आपण जमिनीची. साऱ्याचा हिशेब ज्यात, ती वही कधी टाकत नाहीत.

आणि भिंगार? एकेकाळी स्वतःची म्युनिसिपालटी असलेले हे गाव आज लष्करी छावणी परिषदेच्या कारभारात आहे. महाराष्ट्रात अशा सात छावण्या आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, औरंगाबाद आणि अहमदनगर. छावणीची वही तिसरीच. तिथल्या जमिनी छावणीच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये असतात, ‘ओल्ड ग्रँट’सारख्या ब्रिटिशकालीन शब्दांसह, जिथे घर आपले पण खालची जमीन सरकारची. परिषदेचा अध्यक्ष लष्करी अधिकारी. २०२३ च्या मार्चमध्ये देशभरातल्या छावणी परिषदांच्या जाहीर झालेल्या निवडणुका रद्द झाल्या, आणि एप्रिलमध्ये हिमाचलमधल्या खास योल छावणीचा दर्जा काढून संरक्षण खात्याने वाट दाखवली: लष्कराचा भाग लष्कराला, नागरी वस्ती शेजारच्या पालिकेला. तेव्हापासून भिंगारात दोन बाजू ऐकू येतात. एक म्हणते, महापालिकेत जाऊ. दुसरी म्हणते, आम्ही कोणात का जायचे, आमची स्वतंत्र नगरपालिका द्या. ही दुसरी मागणी अनेकांना हौसेची वाटते. जुन्या म्युनिसिपालट्यांची यादी पाहिलेल्याला ती तशी वाटणार नाही. नगरहून थोरले असलेले, औरंगजेबाचे मरण दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेले गाव आपली जुनी वही मागते आहे.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नामांतराला मान्यता दिली आणि त्याच वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. त्याच सुमारास शासनाने आणखी दोन पदांची नावे बदलली, त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. ग्रामसेवक झाला ग्रामपंचायत अधिकारी, आणि तलाठी झाला ग्राम महसूल अधिकारी. ग्रामसेवकाचे नाव बदलल्याने सावेडीला काही फरक पडला नाही. तिथे तो नाहीच. पण तलाठी आहे. सावेडीचा सातबारा आजही त्याच्याकडेच आहे, फेरफार तोच घालतो. ग्राम नसलेल्या गावाला ग्राम महसूल अधिकारी मिळाला.

नव्या खरेदीखतात दस्तलेखकाला वरच्या ओळी बदलाव्या लागल्या. तुकडी जिल्हा अहिल्यानगर. पुढे अहिल्यानगर महानगरपालिका हद्दीतील. त्याने जुना मसुदा संगणकावर उघडला, नावे खोडून नवी घातली, आणि त्यापुढच्या शब्दावर तो थांबला नाही, कारण तिथे बदलण्यासारखे काही नव्हते: मौजे सावेडी.